आण्णांचा रणगाडा

नगर भागातल्या माणसाला रणगाडा काही नवा नाही. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडात अजून नगरच येतं. तिथं लष्कराचं आर्मर्ड कोअर सेंटर आणि स्कूल आहे आणि रणगाड्यांच्या सरावासाठी के. के. रेंज आहे. आमच्या गावाला हे आवाज लहानपणापासून पाठ. वैशाखाचं ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि लांबून 'धडाम'. नवीन पाहुणा दचकून विचारी, "पाऊस येतोय काय हो?" आम्ही सांगायचो, "न्हाई, रेंजवर फायर चाललंय." म्हशीसुद्धा रवंथ थांबवायच्या नाहीत.

१९९४ साली नगरला रणगाड्यांचं संग्रहालय झालं. शाळांच्या सहली तिथं जाऊ लागल्या. उन्हात ओळीनं उभे केलेले रणगाडे, पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनचे. पाकिस्तानकडून पकडून आणलेला पॅटन दिसला की पोरं आधी त्याच्याकडंच पळायची. १९७१ च्या लढाईत परमवीरचक्र मिळवणारे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या रणगाड्यात लढले, तो 'फामागुस्ता' नावाचा सेंच्युरियनही नगरच्याच आर्मर्ड सेंटरमध्ये जपलेला आहे. सगळं जग बघायला येतं. आमच्या घरातला एकच माणूस तिकडं कधी गेला नाही. आमचे आण्णा.

आण्णा फौजेत ईएमईत होते. म्हणजे लष्कराचे मेकॅनिक. एकाहत्तर साली त्यांची तुकडी सेंच्युरियन रणगाड्यांच्या एका रेजिमेंटबरोबर शकरगड भागात होती. वय बावीस. पेन्शनीवर आल्यावर त्यांनी फाट्यावर ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान टाकलं. पंचक्रोशीतली इंजिनं त्यांच्या हाताखालनं गेली. इंजिनाचा आवाज ऐकून रस्त्यावरूनच ओरडायचे, "रिंगा गेल्यात रं त्येच्या!" पण लढाईबद्दल विचारलं की एकच उत्तर: "आमी पान्हेवालं. बंदुकवाल्यांना इचारा."

मी पेंटर. घर रंगवणारा नव्हे, अक्षरं काढणारा. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची नक्षी, नंबर प्लेट, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचे संदेश, जत्रेतल्या तमाशाचे बोर्ड. बावीस वर्षं हातात ब्रश होता. मग फ्लेक्स आला. रात्री ऑर्डर दिली की सकाळी दहा फुटी फोटोसकट बोर्ड तयार. दोन-तीन वर्षांत धंदा बसला. सकाळी उठावं, ब्रश टरपिनमध्ये धुवावेत, पुसावेत आणि परत डब्यात ठेवावेत, असे दिवस आले. एका दिवाळीला पुण्याचा भाचा एक खोकं घेऊन आला. म्हणाला, "मामा, तुमचा हात बसून राहायला नको. हे जोडा आणि रंगवा."

खोक्यावर सेंच्युरियनचं चित्र होतं. आत प्लास्टिकच्या चौकटी आणि चौकटींना कैऱ्यांसारखे लटकलेले शेकडो तुकडे. कडेला लिहिलं होतं, १/३५. म्हणजे खऱ्या रणगाड्याच्या पस्तिसावा हिस्सा. भाच्यानं या आकड्याची गंमत सांगितली. जपानच्या तामिया कंपनीनं १९६१ मध्ये एका जर्मन पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं. आत मोटर आणि दोन बॅटऱ्या मावाव्यात एवढंच डोक्यात ठेवून त्याचा आकार धरला होता. पुढं शुन्साकू तामियांनी मोजलं तर ते खऱ्याच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्शाचं निघालं. तेच माप मग जगभर चालू झालं. बॅटरीच्या खोलीवरनं रणगाड्याचं माप ठरलं, हे ऐकून मला माझी पाटीची मापं आठवली. तीसुद्धा पत्र्याच्या शीटवरनंच ठरायची.

मी हिशोब मांडून बघितला. सेंच्युरियनचं नुसतं अंग साडेसात मीटरच्या वर. पस्तिसनं भागलं की बावीस सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे वितीपेक्षा थोडं जास्त. वजनाचा हिशोब मात्र वेगळा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही भागायची, म्हणजे पस्तीसचा घन, ४२,८७५. सेंच्युरियन बावन्न टनांच्या आसपास. भागाकार केला की सव्वा किलोच्या आत-बाहेर येतं. सगळं लोखंडी धूड उतरून एवढ्यावर! प्लास्टिकचं मॉडेल तर त्याहून खूपच हलकं. तेच खरं अवघड आहे. हातात घेतलं की पिसासारखं लागणारं ते खेळणं बघणाऱ्याला बावन्न टनांचं वाटलं पाहिजे. ते वजन रंगानं आणायचं.

जोडणीला महिना गेला. तुकडा चौकटीतनं कापायचा, कापल्याची गाठ काचपेपरनं घासायची, मगच चिकटवायचा. सांधा उघडा राहिला तर लांबी भरायची, वाळली की परत घासायचं. हे सगळं पत्र्याच्या पाटीसारखंच, फक्त चष्मा लावून. चेनच्या कड्या एकेक जोडायच्या होत्या. आण्णा ओट्यावर बसून बघत होते. आठ दिवस काही बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "चेन एवढी ताठ न्हाई ऱ्हात. वरच्या अंगाला पोट सोडती." मी कड्या सैल सोडल्या आणि वरच्या बाजूला थोडा झोल दिला. रणगाडा तेवढ्यानंच जड दिसायला लागला.

मग रंग. आधी प्रायमर, त्यावर ऑलिव्ह ग्रीनचा ऍक्रिलिक, पातळ पातळ तीन हात. खऱ्या रंगात मी पांढऱ्याचे चार थेंब जास्त घातले. लहान वस्तूवर तोच रंग काळपट दिसतो. लांबून वाचायच्या पाटीचं गणित इथं उलटं करायचं, एवढंच. वाळल्यावर वार्निशचा हात. रणगाडा नव्या ट्रॅक्टरसारखा चकाकू लागला. ही म्हणाली, "छान झालाय. ठेवा आता टीव्हीवर."

पण भाच्यानं बजावलं होतं, खरी मजा याच्या पुढं आहे. नवा रंगवलेला रणगाडा जुना करायचा. याला ते लोक वेदरिंग म्हणतात. मला जरा विचित्रच वाटलं. आयुष्यभर लोकांनी मला पैसे दिले ते गंजका पत्रा नवा दिसावा म्हणून. आणि आता नवं घ्यायचं आणि त्याला ऊन, पाऊस, तेल, धूळ, गंज लावायचा! पण खरं सांगतो, नवं करण्यापेक्षा जुनं करणं दसपट अवघड निघालं. नवं सगळीकडं सारखं असतं. जुनं प्रत्येक जागी वेगळं असतं आणि प्रत्येक जागेचं कारण असतं.

ते कारण घरातच ओट्यावर बसलेलं होतं. मी ब्रश उचलण्याआधीच आण्णांना विचारलं, "आण्णा, गाडी कुठं कुठं झिजते?"

ते बराच वेळ मॉडेल फिरवून बघत राहिले. हातात घेताना दोन्ही हातांनी घेतलं. मग म्हणाले, "माणूस कुठनं चढतो त्ये बघ आधी."

हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नसतं. परदेशी चित्रांत रणगाड्यावर सगळीकडं ओरखडे दाखवतात, देवीचे व्रण आल्यासारखे. आण्णा म्हणाले, तसं नसतं. बूट जिथं पडतो तिथलाच रंग जातो. चढायची एक वाट असते, पुढच्या मडगार्डवरनं वर, तिथनं टरेटवर. झाकणाच्या कडा, जिथं हात धरतात आणि विजारी घासतात, त्या लोखंडासारख्या चमकतात. विहिरीच्या रहाटाचा दांडा जसा धरायच्या जागी गुळगुळीत होतो, तसं. बाकी जाड पत्र्याला काही होत नाही. मडगार्डाचा पत्रा पातळ, तो मात्र कायम वाकलेला. "झाडाला घासला, भिताडाला घासला, कुणीबी सरळ करत न्हाई." मी मेणबत्तीवर चिमटा तापवून मडगार्डाची कड हलकेच वाकवली.

चेनचं त्यांनी असंच समजावलं. जी बाजू जमिनीला घासते ती नांगराच्या फाळासारखी पांढरी झक्क, बैलगाडीच्या चाकाच्या धावेसारखी. बाकीची कडी एका रात्रीच्या दवात तांबूस होते. मी चेनला गेरू आणि काळा रंग मिसळून दिला आणि वाळल्यावर घासायच्या जागी शिसपेन्सिलीचं शिसं बोटानं चोळलं. प्लास्टिकचं लोखंड झालं.

त्यानंतर तेलाचे डाग. सेंच्युरियनचं इंजिन रोल्स-रॉइसचं, मिटिऑर नावाचं, विमानाच्या इंजिनावरनं बेतलेलं, पेट्रोलवर चालणारं. आण्णा त्याचं नाव अजून सासुरवाडीच्या माणसासारखं अदबीनं घेतात. "पेट्रोल सांडलं तर त्ये उडून जातं. धूळ तेवढी धुवून काढतं आन सच्छ वघळ ठिवतं. आइल उडत न्हाई. त्ये काळं पडतं, वर धूळ बसती, त्येची वाकळ हुती." बर्न्ट अंबरचा तेलरंग टरपिनमध्ये चहाच्या पाण्याएवढा पातळ करून मी सांध्यासांध्यात सोडला. ब्रशचं टोक टेकवलं की तो आपोआप खाचेतून धावतो. खाली ऍक्रिलिक आणि वर वार्निश असल्यामुळं टरपिन आतल्या रंगाला चावत नाही. मागच्या दोन्ही सायलेन्सरांना चुलीमागची काजळी आणि गेरू लावला. दोन्ही घरचेच.

खरा प्रश्न चिखलाचा होता. माझ्या मनात आपली काळी माती चाळून लावायची होती. आण्णांनी मान हलवली. "ही लावशील तर गाडी नगरची हुईल. तिकडं असली माती न्हाई. तिकडं गाळ. पिवळट, मऊ, पिठावानी. वाळली की राखंसारखी पांढरी."

मग पाझर तलावाचा तळचा गाळ आणला, तव्यावर भाजला, आईच्या मैद्याच्या चाळणीनं चाळला आणि वर पातळ फडक्यातनं परत गाळला. कारण साधं आहे. मॉडेलवरचा एक मिलिमीटरचा खडा म्हणजे खरा साडेतीन सेंटीमीटरचा दगड. एक कण जाड राहिला तरी सगळं खोटं पडतं. गाळात थोडी राख आणि थोडी पिवडी मिसळली. फेव्हिकॉलच्या पाण्यात एक थेंब भांड्याचा साबण टाकला, म्हणजे ते पसरतं, गोळा होत नाही. पहिला थर फिकट, जुना वाळलेला. त्यावर दुसरा थोडा गडद. शेवटचा अगदी खालच्या चाकांना, ओला, वर वार्निशचा थेंब देऊन. आण्णा म्हणाले, "वर लय नको लावू. चेन फेकती त्येवढाच उडतो." मग जरा थांबून म्हणाले, "बसंतरला चाकं दिसत नव्हती."

बसंतर. हे नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात शकरगडच्या बाजूनं आपली फौज पुढं गेली. वाटेत सुरुंगांचे रुंद पट्टे होते. इंजिनिअर लोक रात्री जीव मुठीत धरून त्यातनं वाट काढायचे. पंधरा डिसेंबरच्या रात्री बसंतर ओलांडून आपलं पायदळ पलीकडं पोहोचलं आणि सुरुंगातली वाट पुरती मोकळी व्हायच्या आधीच आपले रणगाडे तिच्यातनं पुढं काढले गेले. सोळा तारखेला दिवसभर पॅटन आणि सेंच्युरियन समोरासमोर लढले. त्याच दिवशी तिकडं ढाक्याला शरणागतीवर सह्या झाल्या. इकडं पश्चिमेला सतराच्या रात्री आठला युद्ध थांबलं. हे मी वाचलेलं. आण्णांनी सांगितलं ते वेगळं होतं. चेन तुटून पडलेल्या गाड्या ओढून आणायच्या, अंधारात, पांढऱ्या फितीच्या आतनं. फितीच्या बाहेर पाय टाकायचा नाही. हातातला पाना गळून फितीपलीकडं पडला तर सोडून द्यायचा. "धा पानं असतील तिथं माजं," ते म्हणाले आणि हसले.

माझं काम संपत आलं होतं. परदेशातले लोक काही मॉडेलवर तोफेचा गोळा लागल्याचं दाखवतात. सुई तापवून भोक पाडायचं, भोवती काळं करायचं. माझ्याही मनात होतं. सुई काढूनही ठेवली होती. त्या दिवशी संध्याकाळी मी आण्णांना विचारलं, "गोळा लागला की केवढं भोक पडतं?"

त्यांनी मॉडेल जवळ घेतलं. टरेटच्या डाव्या अंगाला, झाकणाच्या जरा खाली, बोटाचं नख टेकवलं.

"एवढ्या गाडीला? बाजरीच्या दाण्याएवढं."

मी काही बोललो नाही. पॅटनची तोफ नव्वद मिलिमीटरची. पस्तिसनं भागलं तर अडीच मिलिमीटर. बाजरीचा दाणाच.

"भायरनं कायबी दिसत न्हाई," आण्णा म्हणाले. "रंग हाय तसा. नंबर हाय तसा. लांबनं बघितलं तर वाटतं गाडी हुबी हाय, चहाला गेल्यात समदी. आतमधी बघायचं असतं." आई आतनं कंदील घेऊन आली होती, लाइट गेली होती. ती दारातच थांबली. "ओढून आणली आमी. चौघं असत्यात आत. तिघं उतरलं व्हतं. आतनं धुवायला आमाला दोन दिस लागलं. राकेल नि चिंध्या. कुणी सांगितलं न्हाई आमाला का धुवा. पण दुसरी पोरं बसणार व्हती ना त्यात. तसंच कसं बसवायचं?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी पानाच्या डब्याकडं हात नेला. आणि पेंटरशी पेंटरसारखं बोलावं तसं म्हणाले, "भोक नको पाडू. भोक ऱ्हायलं न्हाई त्ये. बुजवलं. वेल्डिंग मारलं, घासलं, वर रंग दिला. रंग मातुर जुळंना. डबा त्योच, पण जुना रंग उन्हानं फिकुटला व्हता. चौकोन उठून दिसायचा."

ही गोष्ट मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जुन्या पाटीवर एक अक्षर दुरुस्त केलं की ते कायम दिसतं. त्याच डब्यातला रंग असला तरी दिसतं. नवा ठिगळ लपत नाही, हे प्रत्येक पेंटरला माहीत असतं. म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो, अख्खी पाटीच रंगवून घ्या.

दुसऱ्या दिवशी मी सुई परत डब्यात टाकली. आण्णांनी नख टेकवलं होतं तिथं लांबीचा अगदी बारीक ठिपका दिला, वाळल्यावर घासून जवळजवळ सपाट केला. वर पांढरं न मिसळलेला हिरवा रंग घेऊन नखाएवढा चौकोन मारला. कडा ब्रशच्या हातानं थोड्या वाकड्या ठेवल्या, कारण फौजेतल्या मेकॅनिकनं घाईत मारलेला रंग तो. त्या चौकोनावर ना धूळ लावली, ना ओघळ. नवा तो नवाच. नंबर कोणता टाकू, म्हणून विचारलं तर आण्णा म्हणाले, "नंबर नको. तिथं चिखूल लाव." बावीस वर्षं नंबर काढले, हा एक तेवढा चिखलाखाली राहिला.

त्या जानेवारीत गावातल्या शाळेत प्रजासत्ताक दिनाचं प्रदर्शन होतं. रणगाड्याची बातमी पोचली होती. घरी आलेल्या गुरुजींनी मॉडेल बघितलं, वाहवा केली आणि मग संकोचत म्हणाले, "जरा धुवून आणता येईल का? पाहुणे येणारेत. चिखलाचा बरा दिसत नाही."

मी काही म्हणायच्या आत आण्णा म्हणाले, "गुरुजी, तुमी काळजी करू नका. म्या सवता घिऊन येतो."

सव्वीस तारखेला पांढरा सदरा, टोपी, छातीवर मेडलांची पट्टी. ती पट्टी मी ट्रंकेच्या बाहेर त्या दिवशीच पाहिली. रणगाडा टॉवेलात गुंडाळून त्यांनी सायकलच्या कॅरिअरला न लावता हातात धरून नेला. टेबलावर ठेवला, चिखलासकट. गुरुजींनी पाहिलं आणि काही म्हणाले नाहीत.

पोरं जमली. चिखल खरा आहे का, तोफ फिरती का, पाण्यात पोहतो का, सतरा प्रश्न. आण्णा खुर्ची ओढून बसले आणि एकेकाचं उत्तर देऊ लागले. इथं ड्रायव्हर. इथं गनर. इथं गोळा भरणारा लोडर. इथनं कमांडर डोकं काढतो. माती कुठली, तिकडची का इकडची, हेही सांगितलं. सरपंच आले, त्यांनी फोटो काढला. पाहुणे आले, त्यांना चिखल फार आवडला. म्हणाले, अगदी हुबेहूब.

दुपारी गर्दी पांगली. पाचवीतली एक बारकी पोरगी तेवढी टेबलाशी राहिली होती. नाक टेबलाला टेकवून बघत होती. बोट लावायची परवानगी नव्हती, म्हणून तिनं लांबूनच दाखवलं.

"आजोबा, हितं येगळा हिरवा का?"

मी आण्णांकडं पाहिलं. सकाळपासून एकाही मोठ्या माणसाला तो चौकोन दिसला नव्हता.

"तिथं दुरुस्ती केलीया, बाय."

"कुणी?"

"म्या," आण्णा म्हणाले.